एसचा रिकामा खण

८ एप्रिल १९७४
एस संपले! अकरा पानांचे शिशाचे खिळे जुळवले आणि इंग्रजी एस अक्षराचा खण रिकामा. आमच्या प्रेसला इंग्रजी लागतं किती – लग्नपत्रिकेतल्या डिग्रीपुरतं. आणि चनबसप्पा मास्तरांचं हे इंग्रजी व्याकरण म्हणजे ओळीओळीला 'ही गोज', 'शी ईट्स', 'ईरम्मा सिंग्ज'. जिथं तिथं शेवटी एस हवाच! मालक ओरडले, "जूनमधी शाळा सुरू हुतील. जमत नसंल तर सांग, मास्तरांची वही परत देतो." वही परत गेली की लग्नसराईनंतर मीही गेलो. पुढं एकच जुळारी ठेवणार आहेत.

९ एप्रिल
तोड निघाली. चार-चार पानं जुळवायची, मास्तरांनी तपासली की छापायची, खिळे सोडून पुन्हा खणात. म्हणजे चूक राहिली तर कायमची! संध्याकाळी प्रूफ घेऊन मीच त्यांच्या घरी जायचं.

१० एप्रिल
मास्तरांनी प्रूफ हातात घेतलंच नाही. "तूच वाच की." मी सातवी पास! वाचलं. "आता एकेक अक्षर सांग." पाच वाक्यांत घाम फुटला. मग म्हणाले, "बॉय असला तर 'प्लेज', बॉइज असले तर 'प्ले'. का, सांग?" मी उलटंच सांगितलं. एकटा कर्ता आला की क्रियापदाला एस – तीनदा समजावलं, तेही न चिडता. त्यांच्या मुलीनं, हेमावतीनं, चहा दिला.

१५ एप्रिल
मी सुचवलं, "मास्तर, सगळीकडं 'ही'च्या जागी 'दे' घ्या की. एस वाचतील!" हसून हसून ठसका लागला त्यांना.

२३ एप्रिल
अक्षरं सांगून जीभ दुखते. आणि मास्तर सही करतात ती मजकुरावरच – प्रूफ घाण! पण आज वाचता वाचता मीच थांबलो. 'काऊज गिव्ह्ज' जुळवलं होतं. "का थांबलास?" "चुकलंय, मास्तर." "शाब्बास!" शाळेत मला हा शब्द कुणी म्हटल्याचं आठवत नाही. घरी बायकोला, कमलम्माला, सांगितलं, तर म्हणते, "एक एस वाचला म्हणून एवढी खुशी व्हय?"

५ मे
नवी पेठेतून येताना दुकानांच्या इंग्रजी पाट्या वाचत आलो. सगळ्या!

१९ मे
शेवटची चार पानं छापली. मालक म्हणाले, "इंग्रजी कामाला आता तूच." नोकरी राहिली! मास्तरांचे उपकार कसे फेडू? पाच मिनिटांत प्रूफ पाहून मला वाटेला लावता आलं असतं. रोज तास-तास बसवून शिकवलं. कोण करतं एवढं?

२ जून
पुस्तक बांधून झालं. पहिली प्रत घेऊन गेलो. मास्तर झोपले होते. "उठल्यावर दाखवा," म्हणालो. हेमावतीनं आतलं दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "अप्पांना दिवाळीपासनं दिसत न्हाय. तुमाला सांगू नको म्हनले. कळलं तर भिऊन वाचायचा थांबंल म्हनले."

चौसष्टच्या चौसष्ट पानं माझ्या एकट्याच्या डोळ्यांनी पाहिली! आधी कळलं असतं तर एक ओळही जुळवली नसती भीतीनं. बरं केलं मास्तरांनी.