दोन डिस्कांच्या भांडणात आमचा सिनेमा

१४ नोव्हेंबर २००७, रत्नागिरी
सकाळी निशांतचा फोन, मुंबईहून. मी ज्या कंपनीत सिनेमांचं संकलन करायचे, ती आता तो बघतो. त्याच्या वडिलांसारखा ओरडत नाही, एवढं बरं. नव्या डिस्क काढायच्यात, डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र. पण त्यातही दोन पक्ष, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. एकाची डिस्क दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. जुन्यांपैकी कुठल्या सिनेमाची निगेटिव्ह धड आहे ते मी सांगायचं.
पहिलं नाव आमच्या खाडीवरच्या सिनेमाचं घेतलं.
"मीनाताई, तो संथ आहे हो. आत्ता स्फोट लागतात. डिस्क बघून माणसाने यंत्र विकत घ्यायला हवं."
म्हणजे सिनेमा ही यंत्राची जाहिरात. त्या विचारात पोळी करपली.

१८ नोव्हें.
जयगडला हुसेनभाईंकडे. त्या सिनेमाचे कॅमेरामन. दिग्दर्शक गेले, जुन्यांतले आम्ही दोघेच. त्यांना काचबिंदू. ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर परत येत नाही. समोरचं तेवढं दिसतं, तेही आक्रसत चाललंय. त्यांची लेक शाहीन पडवीत हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, फार तर वर्षभर दिसेल."
आमचा सिनेमा रुंद पडद्याचा. टीव्हीवर लागतो तेव्हा दोन्ही बाजू कापलेल्या. होडीच्या एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला रुसलेली बायको, असं दृश्य होतं. टीव्हीवर नुसती मधली फळी.
हु.भाई म्हणाले, "आता माझा डोळापण टीव्हीच झाला गो."
शाहीन हसली. मला नाही जमलं.

३ डिसें.
परत निशांत. एचडीवाल्यांकडे सिनेमे कमी, म्हणून ते आपला घ्यायला तयार. निगेटिव्हवरून नवी डिजिटल प्रत करायचा खर्चही त्यांचा. अट एकच, पुढची काही वर्षं ब्लू-रेवर काढायचा नाही. आणि बाजारात बोलवा अशी की हेच हरणार.
"थांबलो तर जिंकेल त्याच्याकडे जाऊ. पण तिथे आपण रांगेत शेवटचे. तुम्ही सांगाल तसं करतो."
मी का? तर म्हणे, या सिनेमावर जीव असलेलं कंपनीत दुसरं कुणी नाही.
आता काढला तर हु.भाई बघतील, सिनेमा कदाचित बुडेल. थांबलो तर

५ डिसें.
फोनवर हु.भाईंना सगळं सांगितलं. म्हणाले, "माझ्यासाठी घाई करू नको. मी बघणार किती दिवस? पिक्चर टिकला पायजे."
शाहीनने फोन घेतला. "मावशी, त्यांचं ऐकू नका. काल शेजाऱ्याला तो होडीचा शॉट हातवारे करून दाखवत होते."
दोघंही खरं बोलतात.

९ डिसें.
निशांतला सांगितलं, कर. हरणाऱ्याकडे का होईना.

६ जाने. २००८
अमेरिकेतला एक मोठा स्टुडिओ दोन्ही प्रकारांत सिनेमे काढायचा. आता फक्त ब्लू-रे म्हणतोय. निशांतचा आवाज पडलेला. "एकाने उडी मारली, आता बाकीचे मारणार. आपलं काम थांबवू?"
"नको."
त्याने कारण विचारलं नाही. मुलगा चांगला आहे.

२० फेब्रु.
संपलं. एचडी डीव्हीडी काढणाऱ्यांनीच ती बंद केली. आमची डिस्क रद्द.
"मग ब्लू-रेवर?"
"काढू की. पण भांडण मिटलं ना ताई. आता कुणाला आपली गरज नाही. बघू पुढे."
असं आहे तर. दोघं भांडत होते तोवरच आमच्यासारख्यांना कुणी विचारत होतं.
प्रत मात्र पुरी झाली होती. पाठव म्हटलं. म्हणाला, "पाठवतो. तुमच्याजवळच ठेवा."

२ मार्च
जयगड. शाहीनच्या नवऱ्याने दुबईहून आणलेला मोठा टीव्ही, त्याला माझा कॉम्प्युटर जोडला. भर दुपार, खिडक्यांना चादरी. हु.भाई पडद्याच्या इतके जवळ बसले की आम्हाला त्यांची पाठच दिसत होती. होडी आली. त्यांनी मान डावीकडे नेली, नवरा सापडला. सावकाश उजवीकडे, बायको सापडली. परत डावीकडे. शाहीन तोंडाला ओढणी लावून उभी.
संपल्यावर हु.भाईंनी विचारलं, "कधी निघणार डिस्क?"
"माहीत नाही, हुसेनभाई. निघेल की नाही, तेही नाही."
"मग सुधारायला वेळ आहे. पहाटेचा रंग चुकलाय, निळा जास्त. ती पहाट अशी नव्हती. पहिलं रीळ परत लाव, मी सांगतो, तू लिही."
लावलं.