सामानाजवळ कोण बसणार?

दि. ४ नोव्हेंबर, मंगळवार

ती. स्व. दाजींस,
धाकट्या मेहुण्याचा सा. न. वि. वि.

तुमचे कार्ड पोचले. शनिवार-रविवार, २२ आणि २३ या तारखा सोयीच्या आहेत. खोलीतले दोघे सोबती तेव्हापासून आठवडाभर घरी जाणार, म्हणजे जागा मोकळी. खोली धुऊन काढली. न्हाणीघरातली फरशी एका कोपऱ्यात उचलली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या फरश्या बसवायच्या आणि स्वतःच्या खोलीत ठेचा खायच्या, हे बरे दिसेना, म्हणून तीही नीट केली. तुमच्या आईंना आता पाय घसरायची भीती नाही.

कार्यक्रम सोबत जोडला आहे. शनिवारी मत्स्यालय आणि नदीवरची बोट, रविवारी यंत्रांचे संग्रहालय आणि शेवटी मनोरा. कुठून कोणती बस, कुठे उतरायचे, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला, सगळे स्वतः फिरून पाहून मग लिहिले आहे.

एकच गोष्ट कळली नाही. कार्डावर 'आम्ही चौघे' असे आहे. तुम्ही, तुमच्या आई आणि दोन मुले मिळून चौघे पुरे होतात. मग ताई? घाईत चूक झाली असेल असे धरून मी पाच जणांचे आखले आहे. त्या मनोऱ्याचे चित्र आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले होते. ते ताईनेच चिकटवले होते. लहानपणी मला दाखवायची, की वरच्या त्या कठड्याशी मी उभी राहणार आणि तू खालून हात करायचास. लग्नाला अकरा वर्षे झाली, ती अजून तुमच्या गावाबाहेर पडलेली नाही. म्हणून विचारतो.

लहानाकडून काही जास्त लिहिले गेले असेल तर पोटात घालावे, लोभातून वजा करू नये.

आपला,
मेहुणा


दि. ८ नोव्हेंबर, शनिवार

चि. मेहुणेबुवांस,
अ. उ. आ.

कार्यक्रम मिळाला. चार कागद! लढाईवर निघालेल्या सेनापतीनंही इतकं लिहिलं नसेल. आठवीत शाळा सोडली तरी शुद्धलेखन शाबूत ठेवलंत, कौतुक आहे. मोजायला शिकायचं तेवढं राहिलं वाटतं. चौघे म्हणजे चौघेच. चूक झालेली नाही.

शनिवारी लॉजच्या चादरी धुवायला येतात आणि रविवारी संध्याकाळी त्यांचा माणूस न्यायला येतो. लाँड्री दोन दिवस बंद ठेवली तर लॉजवाला नाक्यावरच्या नव्या दुकानात जाईल, तो टपूनच बसलाय. दुकानात कोणीतरी लागतं. आईचे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. मी थांबलो तर गर्दीत पोरांना कोण धरणार? हिला विचारलं, तर जा तुम्ही म्हणाली. जिचं जळत नाही तिच्यासाठी तुम्ही कशाला धूर करता? माहेरच्यांनी सल्ला द्यावा, पण मागितल्यावर.

कपाटात चित्रं आमच्याही पुष्कळ आहेत. प्रत्येक चित्रामागं धावायचं तर धंद्याला कुलूप लावावं लागेल. पाहुणचार नीट करा, एवढंच तुमच्याकडे काम.

लोभ आहेच. तो आटेल असं पुन्हा काही लिहू नये.

दाजी


दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार

ती. स्व. दाजींस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. दुकानात कोणीतरी लागते, हे खरे. ते दोन दिवस मी बसतो.

मुकादमाकडे सुट्टी मागितली. तो म्हणाला, सुट्टीत लोक शहर बघायला येतात आणि तू लाँड्री बघायला निघालास. तुमच्या हाताखाली मी वर्षभर इस्त्री केली आहे. कॉलर आधी की बाही आधी, हे तुमच्या टपल्या खाऊनच पाठ झाले आहे.

शुक्रवारी संध्याकाळी पोचेन. खोलीची चावी ताईच्या हातात देईन, तुमच्या नाही. ती येणार नसेल तर खोलीला कुलूप राहील. मग चौघांनी लॉज बघावा, आणि तिथल्या चादरी कोण धुते तेही विचारून घ्यावे.

मी बरोबर नसणार म्हणून कार्यक्रमात एक गोष्ट वाढवली आहे. मनोऱ्यावर, संग्रहालयात आणि मत्स्यालयात पिशव्या आत नेऊ देत नाहीत. बोटीतही त्यांना जागा नसते. प्रत्येक फाटकाजवळ बाकडे आहे, दुपारी सावली असते. सामानाजवळ एक जण बसावा.

लोभ असावा. नसेल तर निदान इस्त्री चालू स्थितीत असावी.

मेहुणा


दि. १४ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. मेहुण्यास,
आशीर्वाद.

धमकी पोचली. ज्याला मी इस्त्री धरायला शिकवली तो आता मला कुलूप दाखवतो. ठीक आहे, येते ती. पोरांना शब्द दिलाय म्हणून, तुमच्या तोऱ्यापुढं वाकून नव्हे.

पांढरं आणि रंगीत एकत्र भिजवायचं नाही. हेडमास्तरांच्या शर्टावर स्वतःची अक्कल चालवायची नाही. गिऱ्हाइकांशी घरच्या गोष्टी बोलायच्या नाहीत. एक जरी चादर पिवळी दिसली तर मनोरा राहू द्या, माझ्या दुकानाची पायरीसुद्धा तुम्हाला दिसणार नाही.

लोभाचं परत आल्यावर ठरवू.

दाजी

बारक्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून खाली दोन ओळी. येते मी! वर खूप वारा असतो का रे? स्वेटर घेऊ? तू खालून हात करायला नसशील, तेवढं राहिलं. — ताई


दि. २४ नोव्हेंबर, सोमवार

मेहुण्यास,

आशीर्वाद द्यायची आज इच्छा नाही.

काल संध्याकाळी आमची बस सुटताना तुमच्या ताईनं सगळ्या पिशव्या एकेक करून माझ्या हातात दिल्या आणि खालीच उभी राहिली. मी म्हटलं, चढ. म्हणाली, मी मनोरा पाहिलेला नाही, पाहून येते. दोन दिवस आमच्याबरोबर फिरली, आणि पाहिलेला नाही! ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अख्खी बस माझ्या तोंडाकडे बघतेय, आई विचारतेय सून कुठंय. रात्रभर मांडीवर एक पोर, खांद्यावर दुसरं, पायांत पिशव्या. त्यातली एक बसमध्येच राहिली, नेमकी माझी. घरी येतो तर दुकानाची चावी शेजाऱ्याकडे आणि तुम्ही पसार.

चादरी स्वच्छ होत्या असं लॉजवाला म्हणतो, ते नाकारत नाही. पण हे सगळं तुम्हीच शिजवलंत. ती चावी, ती पाच माणसं, तो मनोरा. पोरं दिवसभर आई कुठंय विचारतात. काय सांगू, मनोऱ्यावर चढलीय म्हणून?

पहिल्या बसनं तिला पाठवा. उत्तर नको, माणूस हवंय. लोभाचं नाव काढू नका.

दाजी


दि. २६ नोव्हेंबर, बुधवार

श्री. दुकानदारांस,
स. न. वि. वि.

बारक्याला आलेलं तुमचं पत्र मीच फोडलं. त्यानं काही शिजवलेलं नाही. सोमवारी पहाटे तो खोलीवर आला आणि दारात मला बघून त्याच्या हातातली पिशवी गळाली. माझं त्याच्याशीही भांडण झालं. सामानाजवळ एक जण बसावा, असं त्यानं लिहिलं होतं ना? तो म्हणतो, मला आळीपाळीनं म्हणायचं होतं. मी म्हटलं, मग तसं लिहायचं. आपल्या घरात एक जण म्हटलं की नाव लिहावं लागत नाही.

मत्स्यालयाच्या फाटकाशी मी बसले. तुम्ही बोटीत होतात तेव्हा मी काठावर. संग्रहालयातून धाकटी धावत आली आणि म्हणाली, आई, आत एक यंत्र आहे, ते आपोआप चादरी पिळतं. ते तरी मला दाखवायचंत. मनोऱ्याखाली वाटलं, आता तुम्ही उतराल आणि म्हणाल, जा, मी बसतो. तुम्ही उतरलात आणि म्हणालात, चला, बस चुकेल, वर काय, नुसता वारा आहे. त्याच वाऱ्यासाठी मी स्वेटर आणला होता.

काल गेले. एकटी. कठड्याशी उभी राहिले. बारक्या कामावरून लवकर सुटून खाली आला होता. मुंगीएवढा दिसत होता, पण हात करायची तऱ्हा तीच, लहानपणची. त्याच्या पलीकडे ते बाकडं दिसलं. पिशव्यांच्या ढिगात एक बाई बसली होती.

खाली येऊन मी तिला म्हटलं, बाई, वर जाऊन या, मी बसते. ती म्हणाली, घरचे ओरडतील. मी म्हटलं, ते कशानंही ओरडणारच, मनोरा बघून ओरडा खाल्लेला बरा. गेली बिचारी. तिच्या आधी तिचे यजमान खाली आले आणि माझ्यावरच ओरडले. मी एकेक करून सगळ्या पिशव्या त्यांच्या हातात दिल्या. मला आता सवय झाली आहे.

शनिवारी सकाळी येते, चादरी यायच्या आधी. मुलांना खुशाल सांगा, मनोऱ्यावरच चढली होती. यापुढं कुठंही गेलो की सामानाजवळ पाळीनं बसायचं, आणि पहिली पाळी तुमची. कबूल नसेल तर पुढचा कार्यक्रम बारक्या चौघांचाच आखेल. सासूबाई, दोन मुलं आणि मी, पुरे होतात चौघे.

पत्र बारक्यानं तपासलं. तीन वेलांट्या सुधारल्या. मजकूर जरा नरम कर म्हणत होता, त्याला हात लावू दिला नाही.

कळावे. लोभ किती उरला आहे, ते आल्यावर बघू.

तुमच्या घरातली,
एक जण

ता. क. स्टँडवर घ्यायला येऊ नका. माझ्याजवळ सामान नाही.