बोटीतली नळाशेजारची जागा

पणजी, १२ मे १९७१

तीर्थरूप आईच्या पायांवर पुष्पावतीचं डोकं.

बोटीनं गोव्याला सुखरूप पोचलो, घोर लावून घेऊ नको. पोरं आता भात खात्यात.

मुंबईला बोटीत शिरताच सगळी माणसं वारा खायला कठड्याकडं पळाली. ह्यांनी मात्र आपल्या दुष्काळी जामखेडच्या सवयीनं पाण्याचा नळ धरला आन् तिथंच घोंगडी अंथरली. बोट डुलायला लागली, तशी अख्खी बोट नळावर, आमच्या उशाशी ओकायला! शी! त्या वासानंच आपली दोन्ही पोरं ओकली. घोंगडी तीनदा धुतली, तरी नाकाशी धरवत न्हाई.

आडाला पाणी किती हाय, ते कळव.

परतीला तरी नळापासून लांब बसू म्हटलं, तर हे म्हणतात, “पाणी सोडून कुठं बसतीस?”

तुझी, अजून वास मारणारी लेक,
पुष्पी