बटणापर्यंत

३ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

काल मी तो माऊस खिडकीतून फेकणार होतो, मामीनं हात धरला. धरल्यावरही हात हलतच होता, ही गोष्ट वेगळी. मी एका ओळीवर जायला निघतो आणि तो बाण पिसाळल्यासारखा धावत भलतंच काहीतरी बंद करून येतो.

छापखान्यात आता मुद्रितं कागदावर निघतच नाहीत. पाठ्यपुस्तकांचं कार्यालय मुद्रितशोधकांची नवी यादी करतंय. त्या यादीत नाव नसेल तर काम देता येणार नाही, असं मालकांनी स्पष्टच सांगितलं. अर्ज कॉम्प्युटरवरूनच भरायचा, २५ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. डॉक्टर म्हणतात, हाताचा कंप जाणार नाही. पण डोळे शाबूत आहेत, डोकंही शाबूत आहे (मामीचं मत वेगळं). घरी बसून करू काय? मला त्या बसण्याची भीती वाटते गं.

फोन नको. तू भरभर बोलतेस आणि माझ्या लक्षात काही राहत नाही. लिहून कळव.

लोभ आहेच, त्यात थोडी अक्कल मिसळून पाठव.
तुझा मामा

७ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

माऊस कपाटात ठेवून द्या. तुमचं सगळं काम कीबोर्डवर होईल.

आधी शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा. पडद्यावर प्रश्न येईल, त्याला होय म्हणा. मग दोन बटणं एकदम धरून ठेवायची कसरत संपली. कंट्रोल दाबून सोडायचं, मग एस. काम जपून ठेवलं जातं. घोळ झाला तर कंट्रोल, मग झेड, घोळ गायब. टॅब दाबलं की पुढच्या रकान्यात, शिफ्ट आणि मग टॅब दाबलं की मागच्या. एंटर म्हणजे होकार. घाई करू नका, ती बटणं तुमच्यासाठी थांबतात.

लहानपणी तुम्ही माझी पत्रं लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवायचात. हे कृपा करून ठेवून घ्या. मामीला नमस्कार.

लोभाबरोबर थोडा धीरही असू द्यावा.
तुमची ठकी

१३ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

जमलं! जेवतानाही मी 'कंट्रोल, सोड, एस' असं पुटपुटतो म्हणून मामी वैतागली आहे. अख्खा अर्ज, बेचाळीस रकाने, मी टॅबनं भरला आणि जपून ठेवला.

आणि मग घोडं अडलं. शेवटच्या पानावर उजवीकडे हिरवं बटण आहे, 'अर्ज पाठवा'. दिसतं, पण टॅब तिथे जातच नाही. शेवटच्या रकान्यावरून थेट पानाच्या माथ्यावर उडी मारतो. सतरा फेऱ्या मारल्या. मामी म्हणाली, एक टिचकी तर मारायची आहे, मी मारते. पण बटणाच्या वर लिहिलंय की हा अर्ज मी कोणाच्याही मदतीशिवाय भरून पाठवत आहे, आणि त्याखाली माझं नाव. जन्मभर चुकीची ओळ खोडली, आता खोट्या ओळीखाली नाव घालू?

ज्यानं हे बनवलं त्यानं शेवटचं पान तपासलेलंच नाही. असल्या माणसाला मी छापखान्याची पायरी चढू दिली नसती. बारा दिवस उरलेत. जिवाला चैन नाही.

लोभ ठेव आणि काहीतरी सुचव.
मामा

१६ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तो माणूस मीच आहे.

ते कार्यालय आमच्या कंपनीचं गिऱ्हाईक. शेवटचं पान माझ्याकडे होतं. घाईत मी बटण बनवलंच नाही, बटणाचं चित्र टाकलं. माऊसनं टिचकी मारली तरच ते चालतं. आम्ही चौघांनी तपासलं, चौघांच्याही हातात माऊस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, एका माणसासाठी चालू अर्जाला हात लावायचा नाही, २५ नंतर बघू. त्या बटणापर्यंत येऊन आणखी किती जण परत गेले असतील, असं मी विचारलं. कोणालाच माहीत नाही. माझं कशात लक्ष लागत नाही, मामा. पासवर्ड कळवा, मी इथून दाबते. चूक माझी, मग बोट माझं का नको?

लोभ राहिला असेल तर असू द्यावा.
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

पासवर्ड मिळणार नाही.

अर्धा दिवस रागावलो होतो. मग आठवलं, मीही एकदा एका पुस्तकाची आठ पानं उलटसुलट जाऊ दिली होती. नुसतं वाईट वाटून ती पानं सरळ झाली नाहीत.

तू असं कर. माझं १३ तारखेचं पत्र साहेबांपुढे ठेव. माऊस काढून घे आणि त्यांनाच तो अर्ज पाठवायला सांग. जास्त बोलू नकोस, शेजारी उभी राहा.

नाही झालं तर मी घरी बसेन. पण ती ओळ खोटी करणार नाही.

लोभ कमी झालेला नाही, वेडाबाई.
मामा

२६ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद, सगळे एकदम.

काल सकाळी तू फोन केलास, तो माफ. साहेब वीस मिनिटं टॅब दाबत राहिले, घामाघूम झाले आणि आजच्या आज दुरुस्त करा म्हणाले, हे मामीनं मला तीनदा सांगायला लावलं.

तू चारची वेळ दिली होतीस. चारला काही नाही. सव्वाचारला काही नाही. मी पान पुन्हा पुन्हा उघडतोय आणि मामी मागे येरझाऱ्या घालतेय. साडेचारला माझा धीर सुटला, रडायलाच आलं, खोटं कशाला सांगू. पाचला वीस मिनिटं कमी असताना परत टॅब दाबलं आणि हिरव्या बटणाभोवती काळी चौकट उमटली.

मामी ओरडली, दाबा! मी नाही दाबलं. शिफ्ट, मग टॅब, मागे गेलो. टॅब, पुन्हा बटणावर. परत मागे, परत पुढे. असं चार वेळा केलं. मामी म्हणाली, वेड लागलंय का, वेळ संपेल. लागलं होतं खरं. दर वेळी माझं मी तिथे पोचत होतो, ठकी.

मग एंटर दाबलं.

यादी पुढच्या महिन्यात लागेल. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा मामा