रिससिटेट करायचं की नाही

३ मार्च

डॉक्टरांनी बाबांच्या खाटेशी उभं राहूनच विचारलं. इंग्रजीत. हृदय बंद पडलं तर रिससिटेट करायचं का? विचार करून सांगा म्हणाले. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

दुपारी डिक्शनरी काढली. जन्मभर इंग्रजी शिकवतेय, पण हा शब्द कधी वर्गात आला नाही. औपचारिक क्रियापद. मूळ लॅटिन – पुन्हा, खालून वर, हलवून जागं करणं. रूपं सोपी. रिससिटेट, रिससिटेटेड, रिससिटेटेड. "आता वाक्यात उपयोग करा," असं मी मुलांना सांगते. मला एक वाक्य सुचेल तर शपथ! करणारे डॉक्टर, पडून राहणारे बाबा, आणि ठरवणारी मी. मीच का?

४ मार्च

दादाचा फोन. "अगं, छाती दाबतात, बरगड्या मोडतात. या वयात कशाला हाल? नको म्हणून सांग." आणि लगेच, "बाबांसमोर इंग्रजीतच बोल हं. उगीच धसका घेतील."

हे आमचं लहानपणापासूनचं. बाबा शिंपी, शाळा चौथीपर्यंत. घरात काही वाईट घडलं की आम्ही दोघं इंग्रजीत सुरू. बाबा मशीनवरून ओरडायचे, "भरली का साहेबांची सभा!"

आईला अर्थ सांगितला, मूळ सांगितलं, रूपंसुद्धा सांगत बसले. ती म्हणाली, "शब्द कळला गं. तू काय सांगणारेस?"

हो म्हटलं तर त्यांचे हाल. नको म्हटलं तर मीच मारलं त्यांना. भयंकर भीती वाटतेय.

५ मार्च

नको म्हणून सांगितलं. खाटेशीच, इंग्रजीत. मग जिन्यात बसून रडले.

५ मार्च, संध्याकाळ

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "सकाळी डॉक्टरला नो कशाला म्हणालीस? तेवढं कळतं मला."

सगळं सांगितलं. बरगड्यांचंही. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मोडू देत की! मला जगायचंय गं. मला विचारायचंस ना!"

पळत जाऊन डॉक्टरांना गाठलं. "करा," म्हटलं. मराठीतच.