फॉन्टची सीडी तिच्याकडं

सर, तुमचा कॉम्प्युटर आता माझ्याकडं आहे. टायपिंगच्या क्लासमध्ये शिरल्याबरोबर डाव्या हाताला असायचा तोच, ज्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे मी. ती, तुमची लाडकी, लावायची. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. काकू आता मुलीकडं राहायला निघाल्या, भूमचा क्लासचा गाळा रिकामा करायचा होता, म्हणून त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, "भंगारवाल्याला द्यायला जीव होत न्हाय गं. तू घेतीस का?" दुसऱ्याच दिवशी मी आमच्या ईट गावाहून टमटम घेऊन गेले आणि गोधडीत गुंडाळून घेऊन आले. वाटेत मनात काय चाललं होतं सांगू? काकूंनी मला विचारलं, तिला नाही विचारलं.

गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, हे तुम्हाला कुठून माहीत असणार. सातबारा, पीकविमा, पोरांचे दाखले, दिवसभर हेच. तुमचं मशीन बार्शीला दाखवायला नेलं तर दुकानदार हसला, "ताई, ह्याच्यात काय राम न्हाय राहिला." माझं डोकंच फिरलं. रॅम घेतली, नवी एसएसडी घेतली आणि विंडोज मी माझी टाकीन म्हणून त्याला ठणकावून आले. घरी कॅबिनेट उघडलं तर आत बोटभर धूळ, आणि पुढच्या जाळीत वाळलेलं कुंकू. खंडेनवमीचं. दरवर्षी तुम्ही मशिनींची पूजा करायचात, आणि ताम्हण कुणाच्या हातात द्यायचात? तिच्या. मी आपली बाजूला बसून नारळ सोलत असायचे. ब्रशनं सगळी धूळ काढली, कुंकूही काढलं. जरा जोरातच काढलं.

ती सोनारीची, मी ईटची, दोघी एकाच बॅचच्या. ती गावच्या देवाचा खोबऱ्याचा प्रसाद आणायची तर तुम्ही उठून उभं राहून घ्यायचात. मी आईनं दिलेल्या शेंगांच्या पोळ्या आणल्या की "ठेव तिथं." म्हणाल, एवढी वर्षं झाली, ही अजून पोळ्या मोजतेय. हो, मोजतेय. मी कळांकडं बघून टाइप करते म्हणून एक दिवस तुम्ही खांद्यावरचा नॅपकिन काढून माझ्या हातांवर टाकलात, अख्ख्या बॅचसमोर. "बघायचं न्हाय. बोटांना कळतंय, तुलाच कळत न्हाय." सगळे हसले. ती एकटी हसली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. दोन महिने त्या नॅपकिनखाली टाइप केलं मी. परीक्षा झाल्यावर तुमच्या शिफारशीनं तिला धाराशिवच्या एका छापखान्यात नोकरी लागली, आणि निघताना तुम्ही तिला तुमच्या मराठी फॉन्टची सीडी दिलीत. "कुणाला देऊ नकोस," म्हणालात. मी दारातच उभी होते. मला म्हणालात, "नीट जा."

तर विंडोज. जुन्या डिस्कवरच्या तुमच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि एसएसडीवर नवी विंडोज टाकायला घेतली. ती टिकली गोल गोल फिरतेय, टक्के वाढतायत, आणि मी बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तशी समोर बसलेली. स्क्रीन उजळली तेव्हा एकटीच ओरडले, "जमलं की!" त्याच तोऱ्यात जुनी डिस्क फॉरमॅट मारून दुकानाच्या कामाला लावली, आणि मग तुमची पहिली फाईल उघडली. मराठीचं एक अक्षर नाही, नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. फायली घेतल्या होत्या, फॉन्ट घ्यायचा राहिला होता. गावाची सगळी कॉम्प्युटरची कामं करणारी मी, आणि ही माझी अक्कल! नेटवर शोधला, तुमचा तो फॉन्ट कुठंच मिळेना.

मशीनचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. तिनं बघावा म्हणूनच ठेवला होता. तिनं बघितला आणि लगेच फोन केला, "अगं, त्यात सरांनी लिहिलेलं माझं शिफारसपत्र असंल बघ. माझी प्रत घर बदलताना गेली. सरांचा एक शब्द न्हाय राहिला माझ्याकडं." पेन ड्राइव्ह माझ्या हातात होता. मी म्हणाले, "फॉरमॅटमध्ये गेलं गं सगळं." ती म्हणाली, "व्हय का. जाऊ दे. तुला फॉन्ट लागला तर सांग, सीडी जपून ठेवलीय मी. तुला दिली तर सर काय म्हणायचे न्हाईत." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. तुमच्या वतीनं मला परवानगी देणारी ही कोण? "नको," म्हणाले आणि फोन ठेवला.

काल दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्या नावाची फाईल उघडली. तुम्ही ज्या कळेवर जे मराठी अक्षर मारलं होतं, त्या कळेवरचं इंग्रजी अक्षर तिथं दिसत होतं, एवढंच. म्हणजे तीच कळ मी दाबली तर मराठी अक्षर कुठलं, हे माझ्या बोटाला ठाऊक असायला हवं. आधी कळांकडं बघत बसले, काही लागेना. मग ओढणी काढून हातांवर टाकली. सर, बोटांना कळत होतं. एक एक शब्द लागत गेला, तसा वहीत लिहीत गेले. "सदर मुलगी कळांकडे बघत नाही. तिच्या बोटांवर माझा स्वतःपेक्षा जास्त भरवसा आहे. अशी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळेल असे वाटत नाही." सहीपर्यंत गेले. मग बाकीच्या सगळ्या फायलींची नावं बघितली. माझ्या नावाची नव्हती. रडले, खोटं कशाला बोलू.

हे पत्रही तुमच्याच मशीनवर टाइप करतेय, आणि ते कुठं जाणार नाही हे मलाही कळतं. पण एक सांगायचं राहिलं. वाचून झाल्यावर तिला फोन करायला हवा होता, सापडलं गं म्हणून. त्याऐवजी मी त्या पत्रातलं तिचं नाव खोडलं आणि तिथं माझं टाइप केलं, तुम्ही शिकवलंत तसं, ओढणीखाली. बघणाऱ्याला त्या कचऱ्यात काही फरक दिसला नसता. मला दिसत होता. म्हटलं, एकदा डोळे भरून बघावं आणि तसंच बंद करून टाकावं. फाईल बंद करायला गेले तर मशीननं विचारलं, केलेला बदल सेव्ह करायचा का. हो म्हणायला नुसतं एंटर पुरतं. वहीत माझ्या हातानं उतरवलेलं सोडलं, तर त्या पत्राची दुसरी प्रत कुठंच नाही, हे मला माहीत होतं. सर, मी कळांकडं बघितलं नाही. एंटर दाबलं.