हाताला न लागणारी सूज

६ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बायकोच्या मेंदूत सूज आहे. विसरण्याच्या आजारात असते म्हणे. कुठे? बोट ठेवून दाखवा! आयुष्यभर नळ जोडले. भिंतीला हात लावून गळती सांगायचो. ह्यांच्याकडे एवढी मशिनं, आणि "आजोबा, तशी नाही दाखवता येत." मग शिकलात काय! लेकीने बाही ओढली. "बाबा, हळू."
हळू बोललं की ऐकतं कोण?

७ मार्च
केस विंचरता विंचरता मीच शोधली. कानामागे, टाळूवर, मानेजवळ. कुठेच टेंगूळ नाही! ही सारखी हलते. "गप बस!" म्हणालो. बसली.

१० मार्च
पुन्हा दवाखाना. वजन उतरलंय. खाणं सुटलं तर इथेच ठेवावं लागेल म्हणतात.
माझी गुडघ्याच्या सुजेची गोळी देऊ का, विचारलं. "मुळीच नाही! तसल्या गोळ्या देऊन पाहिल्यात लोकांनी, उपयोग नाही." मग समजावलं. मेंदूत शरीराचे राखणदार असतात. जंतू मारायचे, घाण उचलायची, हे त्यांचं काम. ह्या आजारात घाण साठतच जाते, ते चवताळलेलेच राहतात आणि धडधाकट पेशींनाही इजा करतात. तीच ही सूज, हाताला न लागणारी.
म्हणजे कुंपणच शेत खातंय! "मग हाकला त्यांना!"
"त्यांच्यावाचूनही भागत नाही हो, आजोबा."
धड हे नाही, धड ते नाही! टेबलावर हात आपटला. ही केवढी दचकली.

११ मार्च
डोळ्याला डोळा नाही. दवाखान्यात ठेवलं तर हिला पाणी कोण विचारील?

१२ मार्च
दोन घासांवर तोंड फिरवलं. सांभाळणारी बाई गार भरवते—तिला झापलं. लेक मोबाइलमध्ये—तिला झापलं. शेजाऱ्याचा रेडिओ—भिंतीतूनच झापलं! हिच्यासाठी भांडायला माझ्याशिवाय आहे कोण?
लेक म्हणते, "बाबा, तुमचा आवाज आला की आई तोंड मिटते. जेवणाच्या वेळी बाहेर बसा ना."
माझ्याच घरात मी बाहेर! नाही बसलो.

१३ मार्च
आज एकच घास. बाईशी पुन्हा कडाक्याचं भांडण. गेली निघून. जाऊ दे!

१४ मार्च
लेक कामावर. वाटी घेऊन मीच बसलो. ओरडून घसा बसलाय, शब्द फुटत नव्हता. हिने दाराकडे पाहिलं, माझ्या कानाशी आली.
"तो ओरडणारा म्हातारा गेला का हो?"
गेला, म्हणून मान हलवली.
तिने तोंड उघडलं.